पीएच.डी. नसलेला संशोधक: स्वामी कुवलयानंदांनी हालचालींचे शास्त्र प्रयोगशाळेत कसे नेले? आज त्याच विषयात डॉक्टरेटसाठी काय लागते?

डिजिटल डेस्क, बुलढाणा : पहाटे पाचला बुलढाणा, चिखली, खामगाव, मलकापूरच्या बाहेरच्या रस्त्यांवर पोलिस आणि सैन्य भरतीची तयारी करणारी मुले-मुली धावताना दिसतात. कुणाचा गुडघा दुखतो, कुणाच्या पोटरीत गोळा येतो. सारखाच सराव करूनही एक जण 1600 मीटर आरामात पूर्ण करतो, तर दुसऱ्याला शेवटच्या फेरीत धाप लागते. हे असे का होते, याचे उत्तर शोधणाऱ्या विषयाला मानवी हालचालींचे शास्त्र म्हणतात. स्नायू, सांधे, श्वास, हृदय आणि मेंदू मिळून शरीर कसे हलवतात, हे या विषयात मोजून पाहिले जाते.

या विषयात डॉक्टरेट करायची इच्छा अनेकांना असते. त्यासाठी किती टक्के लागतात, परीक्षा कोणती, किती वर्षे जातात, असे प्रश्न दर प्रवेशाच्या वेळी विचारले जातात. महाराष्ट्रात या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांमध्ये ज्यांचे नाव आधी घ्यावे लागते, त्या स्वामी कुवलयानंदांकडे मात्र पीएच.डी. नव्हती. त्यांची पदवी होती बी.ए. आजच्या नियमांनुसार त्यांना प्रवेश परीक्षेचा अर्जसुद्धा भरता आला नसता.

मग त्यांनी नेमके केले काय? आणि त्यांच्या आयुष्यातून आजच्या विद्यार्थ्याला पदवीच्या अटी कशा समजतात? सविस्तर पाहू.

आधी एक गोंधळ दूर करू: हा विषय सापडतो कुठे?

परदेशात ह्युमन मूव्हमेंट सायन्स किंवा किनेसिऑलॉजी या नावाने स्वतंत्र विभाग असतात. आपल्याकडे हा विषय बहुतेक वेळा वेगवेगळ्या नावांखाली विभागलेला आहे. शारीरिक शिक्षण, क्रीडाशास्त्र, योग आणि फिजिओथेरपी ही त्याची मुख्य घरे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम 2016 नुसार विद्यापीठांत चार विद्याशाखा आहेत. त्यांपैकी आंतरविद्याशाखीय अभ्यास या शाखेत शारीरिक शिक्षण येते. फिजिओथेरपीचे शिक्षण नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे.

बुलढाणा जिल्हा संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो. 1983 मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठात अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम हे पाच जिल्हे आहेत. याच अमरावतीत 1914 मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू झाले. मंडळाच्या चमूने 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती. म्हणजे शरीराच्या शिक्षणाची परंपरा वऱ्हाडाला नवी नाही. त्या परंपरेला मोजमापाची जोड देण्याचे काम ज्यांनी केले, त्यांची गोष्ट मात्र गुजरातमधून सुरू होते.

डभोईचा जगन्नाथ

जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म 30 ऑगस्ट 1883 रोजी बडोदा संस्थानातील डभोई येथे एका मराठी कुटुंबात झाला. घरची परिस्थिती बेताची होती. आई-वडिलांचे छत्र लवकर हरपले आणि शिक्षणासाठी दुसऱ्यांच्या आधारावर राहावे लागले. तरीही 1903 च्या मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांनी संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. त्या काळी ही शिष्यवृत्ती मिळवणारा विद्यार्थी संस्कृतात मुंबई इलाख्यात आघाडीवर आहे, असे मानले जाई. पुढे बडोद्यात शिकून 1910 मध्ये ते पदवीधर झाले.

बडोद्यातील दिवसांत दोन गोष्टी त्यांच्या मनात पक्क्या झाल्या. तिथे त्या काळात अरविंद घोष अध्यापन करत होते आणि देशभर टिळकांच्या राजकारणाचा प्रभाव होता. तरुण गुणे यांनी ब्रह्मचारी राहून देशसेवा करायचे ठरवले. ही झाली पहिली गोष्ट. दुसरी गोष्ट त्यांना आखाड्यात मिळाली.

1907 ते 1910 या काळात ते राजरत्न प्राध्यापक माणिकराव यांच्याकडे जुम्मादादा व्यायाम मंदिरात शिकले. माणिकराव लाठी, मल्लखांब आणि देशी शस्त्रविद्येचे उस्ताद होते. हाडवैद्य म्हणूनही त्यांचा लौकिक होता. देशी भाषेतील आज्ञांवर शेकडो मुलांकडून एकाच वेळी कवायत करून घेण्याची पद्धत त्यांनी रुजवली. निखळलेला सांधा हाताने बसवणाऱ्या माणसाला शरीर कसे हलते हे पुस्तकाशिवायही कळते. गुणे यांना हालचालींचे पहिले धडे मिळाले ते या तालमीत.

आजचा नियम काय सांगतो? विद्यापीठ अनुदान आयोगाने 7 नोव्हेंबर 2022 रोजी पीएच.डी.साठी नवे किमान निकष अधिसूचित केले. त्यानुसार पदव्युत्तर पदवीला किमान 55 टक्के गुण हवेत. शारीरिक शिक्षणात याचा सरळ रस्ता दोन वर्षांचे बी.पी.एड. आणि मग दोन वर्षांचे एम.पी.एड. असा आहे. चार वर्षांची पदवी घेतलेल्या विद्यार्थ्याला किमान 75 टक्के असतील तर थेट अर्ज करता येतो. अनुसूचित जाती, जमाती, नॉन-क्रीमीलेअर इतर मागास, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांतील उमेदवारांना 5 टक्के सवलत देता येते.

तालमीतल्या तीन वर्षांना या गणितात एकही गुण मिळत नाही. पण हालचालींवर संशोधन करणाऱ्याने स्वतः घाम गाळलेला असेल, तर काय मोजायचे हे त्याला लवकर कळते. गुणे यांचे पुढचे आयुष्य त्याचा पुरावा आहे.

अमळनेरचे मास्तर

पदवीनंतर गुणे खान्देशात आले. बुलढाण्याच्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यातील अमळनेरला खान्देश एज्युकेशन सोसायटीत त्यांनी शिकवायला सुरुवात केली. पुढे ते तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. 1920 च्या सुमारास राष्ट्रीय वातावरणामुळे ब्रिटिश सरकारच्या रोषाला बळी पडून ते महाविद्यालय बंद झाले.

अमळनेरच्या वर्षांत गावोगावचे दारिद्र्य आणि निरक्षरता त्यांनी जवळून पाहिली. शिक्षणाशिवाय स्वातंत्र्याला अर्थ नाही आणि शिक्षणात शरीराला जागा हवी, हा विचार तिथे पक्का झाला. हालचालींच्या शास्त्राकडे ते वळले ते मास्तर म्हणून. मुलांना काय शिकवायचे आणि त्याचा उपयोग होतो की नाही, हे त्यांना ठरवायचे होते.

मालसरचे गुरू आणि एक अडचणीचा प्रश्न

1919 मध्ये नर्मदाकाठच्या मालसर येथे गुणे यांना परमहंस माधवदासजी भेटले. मूळचे बंगालचे असलेले माधवदासजी योगमार्गातील ज्येष्ठ साधक होते. त्यांच्याकडे गुणे यांनी आसने, प्राणायाम आणि हठयोगातील शुद्धिक्रियांचा अभ्यास केला. गुरूवर त्यांची पूर्ण श्रद्धा होती. पुढे त्यांनी कुवलयानंद हे नाव घेतले.

पण मनात एक प्रश्न उरला. योगाचे फायदे ग्रंथांत लिहिले आहेत, गुरू सांगतात, साधकाला जाणवतात. हे सगळे खरे असेल तर शरीरात काही तरी बदलत असले पाहिजे. आणि बदलत असेल तर ते दिसले पाहिजे, मोजता आले पाहिजे. त्या काळी योगी मंडळींना यंत्रांची गरज वाटत नव्हती आणि डॉक्टर मंडळींना योगाकडे पाहण्याची इच्छा नव्हती. कुवलयानंद दोघांच्या मधे उभे राहिले.

आज पीएच.डी.च्या अर्जासोबत संशोधन आराखडा द्यावा लागतो. मार्गदर्शक कोण, हेही ठरते. नियमानुसार प्राध्यापकाला एका वेळी जास्तीत जास्त आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. त्यामुळे पात्र विद्यार्थी असूनही जागा नसल्याने थांबावे लागते. अनेक जण मार्गदर्शकाला आवडेल असा विषय निवडून मोकळे होतात. कुवलयानंदांनी उलट केले. गुरूने जे शिकवले तेच तपासायला घेतले.

क्ष-किरणांखाली नौली

1920 नंतरच्या एक-दोन वर्षांत बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी काही विद्यार्थ्यांच्या मदतीने प्रयोग सुरू केले. पहिल्या क्रिया होत्या उड्डियान बंध आणि नौली. उड्डियानात श्वास पूर्ण सोडून पोट आत व वर ओढले जाते. नौलीत पोटाचे मधले स्नायू वेगळे काढून फिरवले जातात. पाहणाऱ्याला चमत्कार वाटावा अशी ही हालचाल. क्रिया चालू असताना आतड्यांची आणि मध्यपटलाची जागा कशी बदलते, हे क्ष-किरणांनी पाहता आले.

यातला सर्वांत गाजलेला प्रयोग एका जुन्या कोड्यावरचा होता. बस्ती या क्रियेत साधक कमरेइतक्या पाण्यात बसून नौली करतो आणि पाणी मोठ्या आतड्यात ओढले जाते. पंप नाही, वरून दाब नाही, मग पाणी आत कसे जाते? कुवलयानंदांनी आतड्यातला दाब दाबमापक लावून मोजला. नौली करताना तो बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा खाली जातो, असे दिसले. पोटाचे स्नायू विशिष्ट पद्धतीने आकसले की आतली पोकळी रुंदावते, दाब घटतो आणि बाहेरचा जास्त दाब पाण्याला आत ढकलतो. पिचकारीचा दट्ट्या मागे ओढल्यावर पाणी आत येते, तोच नियम इथे लागू होतो.

या कमी झालेल्या दाबाला त्यांनी गुरूंचे नाव दिले, माधवदास व्हॅक्यूम. गुरूंविषयीची कृतज्ञता नावात राहिली आणि स्पष्टीकरण भौतिकशास्त्राचे आले.

हाच प्रयोग आज करायचा तर काय लागेल? संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी पहिल्यांदा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सहभागी व्यक्तीला प्रयोगाची आणि धोक्यांची माहिती तिला समजेल अशा भाषेत देऊन लेखी संमती घ्यावी लागते. केवळ कुतूहलापोटी निरोगी माणसावर वारंवार क्ष-किरण सोडायला आज कोणतीही समिती सहज हो म्हणणार नाही. आज त्याऐवजी सोनोग्राफी, स्नायूंतील विद्युत संकेत टिपणारे ईएमजी यंत्र, पावलाचा जमिनीवरचा जोर मोजणारी फोर्स प्लेट आणि हालचाल टिपणारे कॅमेरे वापरले जातात.

1924: लोणावळ्याची प्रयोगशाळा आणि त्रैमासिक

ऑक्टोबर 1924 मध्ये कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम ही संस्था सुरू केली. तेव्हा ते 41 वर्षांचे होते. त्याच वेळी योगमीमांसा हे नियतकालिक सुरू झाले. आश्रम काढणारे त्या काळी बरेच होते. कैवल्यधामचे वेगळेपण असे की तिथे प्रयोगशाळा होती आणि प्रयोगाची पद्धत, आकडे, छायाचित्रे, निष्कर्ष छापून जगासमोर ठेवले जात होते. चुकले असेल तर कुणीही दाखवून द्यावे, अशी ही सोय होती. हे नियतकालिक आजही निघते.

पुढच्या काही वर्षांत सर्वांगासन, मत्स्यासन अशा आसनांमध्ये रक्तदाबाचे काय होते, हे मोजले गेले. उलटे झाल्यावर रक्त डोक्यात चढून दाब धोकादायक वाढत असेल, ही भीती सर्वसाधारण होती. ती खरी की खोटी, यावर वाद घालण्याऐवजी त्यांनी दंडाला पट्टा बांधून आकडे घेतले.

1927 मध्ये महात्मा गांधींची प्रकृती रक्तदाबामुळे बिघडली होती. त्या वेळी आसनांबाबत गांधीजी आणि कुवलयानंद यांच्यात पत्रव्यवहार झाला. मोतीलाल आणि जवाहरलाल नेहरूही कैवल्यधामशी परिचित होते.

श्रद्धेला न मानवणारे उत्तर

संशोधकाची खरी परीक्षा होते ती उत्तर मनाविरुद्ध आल्यावर. प्राणायामाने शरीराला भरपूर प्राणवायू मिळतो आणि म्हणून तो फायद्याचा, हे तेव्हाही सांगितले जाई आणि आजही उद्यानातल्या सकाळच्या वर्गात सर्रास सांगितले जाते. योगाचा प्रचार करणाऱ्या माणसाला हे वाक्य फार सोयीचे.

कुवलयानंदांनी श्वासातील वायूंचे मोजमाप केले. जादा प्राणवायू हाच प्राणायामाचा मुख्य लाभ आहे, असे मानायला आधार नाही, या निष्कर्षावर ते आले. प्राणायामाचे महत्त्व त्यांनी नाकारले नाही. ते मज्जासंस्थेवरील परिणामांत आणि शरीराच्या आतील दाबांच्या बदलांत शोधले पाहिजे, अशी मांडणी त्यांनी 1930 च्या दशकात केली. स्वतः योगी असलेल्या माणसाने योगाच्या बाजूचा लोकप्रिय दावा खोडावा, ही त्या काळातली लहान गोष्ट नव्हती.

पीएच.डी.च्या नियमांत अशा प्रामाणिकपणासाठी वेगळा रकाना नाही. पण त्याचा अभ्यास मात्र सक्तीचा आहे. प्रवेशानंतर किमान 12 श्रेयांकांचे कोर्सवर्क करावे लागते आणि त्यात संशोधन व प्रकाशन नीतिमत्ता हा भाग असतोच. कोर्सवर्कमध्ये 55 टक्के मिळाल्याशिवाय प्रबंध पुढे सरकत नाही. प्रबंधाची साहित्यचोरीसाठी तपासणी होते. 2018 च्या नियमांनुसार 10 टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ मानले जाते. त्याच्या वर गेल्यास दुरुस्तीपासून नोंदणी रद्द होण्यापर्यंत कारवाई होऊ शकते.

शिष्याला पीएच.डी., गुरूला नाही

1930 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या येल विद्यापीठात मानसशास्त्र शिकणारे केरळचे कोवूर बेहानन लोणावळ्याला आले. कुवलयानंदांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी योगाचा सराव केला. मग येलला परतून स्वतःच्याच शरीरावर मोजमाप केले. नेहमीच्या विश्रांतीच्या तुलनेत उज्जायी करताना प्राणवायूचा वापर 24.5 टक्के, भस्त्रिकेत 18.5 टक्के आणि कपालभातीत 12 टक्के वाढल्याची त्यांची नोंद आहे. म्हणजे प्राणायामात वापरला जाणारा प्राणवायू प्रकारानुसार बदलतो. प्राणायामानंतर लगेच घेतलेल्या बौद्धिक चाचण्यांत आपला वेग मंदावला, हेही त्यांनी लपवले नाही. 1937 मध्ये त्यांचे योगाच्या शास्त्रीय मूल्यमापनावरील पुस्तक प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांच्या नावापुढे पीएच.डी. होती.

त्याच सुमारास कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधील शारीरिक शिक्षणाच्या प्राध्यापक जोसेफिन रॅथबोन लोणावळ्याला येऊन गेल्या. पुढे 1954 मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन ही संस्था स्थापन करणाऱ्यांत त्या होत्या. आज जगभरात व्यायामाचे प्रमाण ठरवताना या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वे वापरली जातात. 1957 च्या सुमारास वेंगर आणि बागची हे अमेरिकेतील संशोधक भारतभर योग्यांच्या हृदयाच्या आणि श्वासाच्या नोंदी घेत फिरले, तेव्हा लोणावळा त्यांच्या कामाचे एक ठिकाण होते. हृदय थांबवतो म्हणणाऱ्या साधकांची नाडी हाताला लागेनाशी होते, पण हृदयाचे काम चालूच असते, असे त्या नोंदींत दिसले.

आजच्या भाषेत हे बाह्य परीक्षण होते. पीएच.डी.तही प्रबंध मार्गदर्शकाशिवाय किमान दोन बाहेरच्या तज्ज्ञांकडे जातो. त्यांनी मान्यता दिल्यावर खुली मौखिक परीक्षा होते. पदवी मिळाली की प्रबंधाची प्रत शोधगंगा या इन्फ्लिबनेटच्या संकेतस्थळावर ठेवली जाते, म्हणजे कुणालाही वाचता येते.

मैदानापर्यंत पोहोचलेले काम

कुवलयानंदांचे संशोधन प्रयोगशाळेत अडकून राहिले नाही. 1932 मध्ये मुंबईत कैवल्यधामची शाखा सुरू झाली आणि 1936 मध्ये मरीन ड्राइव्हवर ईश्वरदास चुनीलाल योगिक हेल्थ सेंटर उभे राहिले. तिथे रुग्णाला त्याची तब्येत तपासून आसने दिली जात.

माणिकरावांच्या तालमीतली सामूहिक कवायत आणि माधवदासजींची आसने यांची सांगड घालून शाळकरी मुलांसाठी त्यांनी यौगिक संघव्यायाम तयार केला. मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षणविषयक समित्यांवर त्यांनी काम केले. शाळेच्या पटांगणात ओळीने उभे राहून एका आज्ञेवर आसने करणारी मुले आज सगळीकडे दिसतात. त्यामागे या कामाचाही वाटा आहे.

1950-51 मध्ये लोणावळ्याला योग शिकवण्यासाठी गोवर्धनदास सेक्सरिया महाविद्यालय सुरू झाले. 1963 मध्ये डॉ. विनेकर यांच्यासोबत लिहिलेले योगोपचारावरील पुस्तक केंद्र सरकारच्या आरोग्य शिक्षण विभागाने प्रसिद्ध केले. 18 एप्रिल 1966 रोजी कुवलयानंदांचे निधन झाले. 30 ऑगस्ट 2019 रोजी भारतीय टपाल खात्याने आयुष परंपरेतील बारा मान्यवरांवर तिकिटे काढली. त्यांत त्यांचेही तिकीट आहे.

त्यांचा प्रबंध आज मंजूर झाला असता का?

याचे प्रामाणिक उत्तर असे: जसाच्या तसा, नाही. त्यांचे सुरुवातीचे प्रयोग फार थोड्या व्यक्तींवर झाले. त्यातले बरेच जण आधीच तयार साधक होते. योग करणारे आणि न करणारे असे दोन गट घेऊन तुलना करणे, चिठ्ठी टाकावी तशी गटांची विभागणी करणे, आकडेवारीच्या कसोट्या लावणे या पद्धती त्या काळी या क्षेत्रात रुळल्या नव्हत्या. आजची संशोधन सल्लागार समिती पहिल्याच सत्रात नमुन्याची संख्या वाढवा, असा शेरा मारून आराखडा परत पाठवेल.

ही समिती दर सत्रात विद्यार्थ्याच्या प्रगतीचा आढावा घेते. काम समाधानकारक नसेल तर सुधारणा सुचवते. तो आढावा अनेकांना जाच वाटतो. पण कुवलयानंदांच्या कामातल्या उणिवा पाहिल्या की त्याची गरज कळते. एका माणसाची जिद्द प्रश्न उभा करू शकते. उत्तर पक्के करायला चार परक्या डोळ्यांची गरज पडते.

आजच्या विद्यार्थ्यासाठी: थोडक्यात प्रक्रिया

- पात्रता : शारीरिक शिक्षण, योग, क्रीडाशास्त्र किंवा संबंधित विषयात 55 टक्क्यांसह पदव्युत्तर पदवी. आरक्षित घटकांना 5 टक्के सवलत.
- प्रवेश परीक्षा : विद्यापीठाची पेट किंवा यूजीसी नेट. पेटमध्ये निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर आणि निम्मे विषयावर असतात. नेटमध्ये शारीरिक शिक्षण आणि योग असे दोन स्वतंत्र विषय आहेत. जून 2024 पासून नेटचा निकाल पीएच.डी. प्रवेशासाठीही धरला जातो. जेआरएफ नसलेल्यांचे ते गुण एक वर्ष चालतात.
- मुलाखत : परीक्षेच्या गुणांना 70 आणि मुलाखतीला 30 टक्के वजन. आराखडा इथेच तपासला जातो.
- कालावधी : कोर्सवर्क धरून किमान तीन वर्षे, कमाल सहा वर्षे. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षे मिळू शकतात. महिला आणि 40 टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना जास्तीची दोन वर्षे, पण एकूण दहा वर्षांच्या आत. महिलांना 240 दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा.
- पैसा : जेआरएफ मिळाल्यास जानेवारी 2023 पासूनच्या दराने सुरुवातीला महिन्याला 37,000 रुपये. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती यांच्याही अधिछात्रवृत्ती आहेत.
- शोधनिबंध : 2022 च्या केंद्रीय नियमांत प्रबंधाआधी शोधनिबंध छापण्याची सक्ती उरलेली नाही. तरी विद्यापीठाचे स्वतःचे नियम वेगळे असू शकतात. अर्ज करण्यापूर्वी त्या वर्षीची अधिसूचना वाचणे आवश्यक.

मग खरी अट कोणती?

वरची यादी पूर्ण करणारा पदवीधर होतो. कुवलयानंदांच्या आयुष्यात या यादीतले जवळपास काहीच नव्हते. त्यांच्याकडे तालमीतला अनुभव होता, एक स्पष्ट प्रश्न होता, मिळेल ते यंत्र वापरायची तयारी होती आणि उत्तर आवडले नाही तरी छापायचे धैर्य होते. यादी त्यांच्या वेळी असती तर त्यांचे काम आणखी भक्कम झाले असते. पण नुसत्या यादीतून त्यांचा प्रश्न निर्माण झाला नसता.

बुलढाणा जिल्ह्यात असे प्रश्न कमी नाहीत. डांबरी रस्त्यावर अनवाणी किंवा झिजलेल्या बुटांनी धावणाऱ्या मुलांच्या गुडघ्यांचे काय होते? दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या बाईच्या कमरेवर किती भार येतो? शेगावला पायी जाणाऱ्या वारकऱ्याची चाल तिसऱ्या दिवशी कशी बदलते? यातला प्रत्येक प्रश्न मोजता येण्याजोगा आहे आणि प्रत्येकात एका प्रबंधाची सामग्री आहे.

टक्केवारी, पेट आणि कोर्सवर्क ही दाराची किल्ली आहे. ती मिळवावीच लागते. दार उघडल्यावर आत काय शोधायचे, हे मात्र आधी ठरवलेले बरे. डभोईच्या त्या संस्कृतच्या विद्यार्थ्याने किल्ली नसताना ते ठरवले होते. पुढच्या पिढ्यांसाठी दार त्यातूनच उभे राहिले.